पुढच्या ऋतूत काय बघायचं?

ऋतू किती, असा प्रश्न आमच्या घरात विचारला तर तीन निरनिराळी उत्तरं मिळतात. आई म्हणते तीन. मराठीच्या सरांना स्मरून मी म्हणते सहा. आणि दहावीतला माझा धाकटा भाऊ मान वर न करता म्हणतो, "चार. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर."

त्याचं उत्तर चूक नाही. तो जपानी ॲनिमेचे ऋतू सांगत असतो. जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या चित्रमालिका वर्षातून चारदा, या चार महिन्यांच्या सुमारास बदलतात. तीन महिन्यांच्या अशा एका तुकड्याला तिथं 'कूर' म्हणतात. आठवड्याला एक याप्रमाणे एका कूरमध्ये बारा-तेरा भाग बसतात. जुना ऋतू संपायच्या आतच पुढच्या ऋतूच्या याद्या बाहेर पडू लागतात. प्रत्येक मालिकेचं एक रंगीत चित्र, मिनिट-दीड मिनिटाची झलक आणि चार ओळींची कथा. अशा मालिका दोन-चार नव्हेत, कित्येक डझन! आणि मग आमच्यासारख्यांना तो सनातन प्रश्न पडतो: पुढच्या ऋतूत काय बघायचं?

"कार्टूनच ना? त्यात निवडायचं काय एवढं?" असं आमचे एक प्राध्यापक मला स्टाफरूमच्या दारात म्हणाले होते. सरांचा मान राखून एवढंच सांगते, की १९९० च्या दशकात ज्या मोगलीसाठी त्यांच्या पिढीची मुलं रविवारी सकाळी दूरदर्शनपुढं बसत, तो मोगलीही जपानी ॲनिमेच होता! १९८९ साली निप्पॉन ॲनिमेशननं तो काढला. पण त्या मुलांना निवडायचं नव्हतं. एक वाहिनी, एक मोगली, एक रविवार. सुखी पिढी!

आमचं दुःख हिशेबाचं आहे. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. बारा भागांची मालिका म्हणजे २८८ मिनिटं, पाच तासांना बारा मिनिटं कमी. पाच मालिका धरल्या तर आठवड्याचे दोन तास. एवढे तास कॉलेज, एस.टी.चा प्रवास, घरची कामं आणि सबमिशन यांतून आम्ही काढू शकतो. सहावी मालिका धरली की अर्थशास्त्राचा पेपर धोक्यात येतो. हा माझा अनुभव आहे, सिद्धांत नव्हे.

म्हणून मी एक वही केली. दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची. प्रत्येक पानावर चार रकाने: काढणारी संस्था कोणती, दिग्दर्शकानं पूर्वी काय केलं, मूळ कथा कुठली, आणि झलक पाहून काय वाटलं. दर रकान्याला दहापैकी गुण. पंचवीसच्या वर गुण मिळाले की प्रवेश, नाही तर काट. भाऊ या वहीला 'ताईची विद्यापीठ परीक्षा' म्हणतो. त्याची स्वतःची पद्धत सोपी आहे. झलकीत तलवार दिसली की मालिका पास.

वहीचा मला अभिमान होता. पण ॲनिमेचा इतिहास वाचू लागले तसा तो जरा कमी झाला. १९७४ साली ऑक्टोबर महिन्यात जपानी मुलांपुढंही आमच्यासारखाच पेच होता. रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता एका वाहिनीवर 'हायडी' लागायची, आल्प्सच्या डोंगरात आजोबांपाशी राहणाऱ्या मुलीची गोष्ट. इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेली. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर 'यामातो' हे अवकाशातलं युद्धजहाज निघालं. घरात टीव्ही एक. बहुतेक घरांत 'हायडी' जिंकली. प्रेक्षक मिळेनात म्हणून 'यामातो' ठरल्यापेक्षा आधीच, सव्वीस भागांत गुंडाळावी लागली. पुढं १९७७ साली त्याच मालिकेचा चित्रपट आला तेव्हा थिएटरांबाहेर रांगा लागल्या. १९७९ ची 'गंडाम' हीसुद्धा बावन्न भागांची ठरलेली असताना त्रेचाळीस भागांतच आटोपली. आज तिचं नाव माहीत नाही असा ॲनिमेचा प्रेक्षक सापडणं कठीण. म्हणजे खुद्द जपानच्या वहीतसुद्धा या दोन्ही मालिकांवर काट पडली होती!

माझ्या वहीवर काट पडली ती २०२३ च्या ऑक्टोबर ऋतूत. ती गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला आहे.

त्या वर्षी मी एफ.वाय.ला होते. वैशाखात आजोबा गेले होते. घरात सणवार बेताचेच झाले. गणपतीच्या दिवसांत मी खोलीत बसून वही भरली. 'स्पाय फॅमिली'चा दुसरा भाग यायचा होता, तो ओळखीचा म्हणून पास. 'प्लूटो' पास, कारण ती ओसामु तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'मधल्या कथेवर नाओकी उरासावांनी केलेल्या चित्रकथेवरून घेतली होती. आणि १९६३ च्या पहिल्या जानेवारीला सुरू झालेल्या 'ॲस्ट्रो बॉय'पासूनच जपानमध्ये दर आठवड्याच्या अर्ध्या तासाच्या मालिकांची परंपरा रुजली. राजवाड्यात विषांचा शोध घेणाऱ्या माओमाओची 'अपोथेकरी डायरीज' पास. भावाची 'शांग्री-ला फ्रंटियर' मी नाइलाजानं पास केली. आणि 'फ्रीरेन' नापास.

वहीत अजून ती नोंद आहे. "दिग्दर्शक केइइचिरो साइतो, 'बोच्ची द रॉक' चांगली केली होती, आठ. झलक: माणसं नुसती चालतात, तीन. कथा: राक्षसांच्या राजाचा वध होऊन गेल्यावर सुरू होते. मग उरलं काय? चार." खाली तांबड्या शाईची रेघ.

अनंतचतुर्दशी २८ सप्टेंबरला झाली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ढोल थांबल्यामुळं गल्ली एकदम बहिरी झाल्यासारखी वाटत होती. आई-बाबा एका नातेवाइकाकडं गेले होते. घरात आजी, भाऊ आणि मी. भावानं टीव्हीला फोन जोडला आणि तक्रार केली, "ताई, तुझ्या यादीतलं काहीच सुरू झालेलं नाही." ते खरंच होतं. आमची पास झालेली सगळी मंडळी ऑक्टोबरात यायची होती. त्या दिवशी एकच नवी मालिका आली होती, तीही पहिले चार भाग एकदम. नापास झालेली 'फ्रीरेन'. म्हणजे आम्ही ती निवडली नाही. दुसरं काही नव्हतं म्हणून लावली.

आजी वाती वळत बसली होती. तिला इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. फ्रीरेन ही हजारांवर वर्षं जगलेली एल्फ. म्हणजे आपल्या चिरंजीवांसारखीच, पण दिसायला कोवळी पोर. हिमेल नावाच्या वीराबरोबर आणि आणखी दोघा सोबत्यांबरोबर दहा वर्षं फिरून तिनं राक्षसांच्या राजाला मारलं. तिच्या आयुष्यात ती दहा वर्षं म्हणजे चिमूटभर. मोहीम संपते, ती सगळ्यांचा निरोप घेऊन निघून जाते आणि पन्नास वर्षांनी परतते. हिमेल तोवर म्हातारा झालेला असतो. ठरल्याप्रमाणे सगळे मिळून उल्कांचा पाऊस पाहतात आणि त्यानंतर थोड्याच काळात हिमेल जातो. त्याच्या अंत्यविधीला फ्रीरेन कोरडी उभी असते. लोक कुजबुजतात. आणि मग एकदम तिला रडू कोसळतं.

इथं मी सांगायची थांबले.

"का गं? का रडतीय ती?" आजीनं विचारलं.

भाऊ माझ्याकडं बघू लागला. मी म्हणाले, "ती म्हणते, दहा वर्षं एवढ्या जवळ होते, पण त्याला जाणून घ्यायचा मी प्रयत्नच केला नाही."

आजीनं वात तशीच बोटांत धरली. काही बोलली नाही.

मला आठवत होता तो आजोबांचा तेरावा. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर त्यांची पुष्कळ वर्षं गेली. त्या दिवशी त्यांच्याबरोबरचे एक जुने ड्रायव्हर आले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आंबा घाटातल्या त्या रात्रीची गोष्ट आजोबांनी तुला सांगितलीच असंल." मी मान हलवली. मला काहीच ठाऊक नव्हतं. अठरा वर्षं एका घरात राहून मला आजोबांविषयी ठाऊक होतं ते इतकंच: चहा बिनसाखरेचा, बातम्या रेडिओवरच्या, आणि सुट्टे पैसे मोजून ठेवायची सवय. मी खोटी मान हलवली, कारण नाही म्हणायची लाज वाटली.

चार भाग संपले तेव्हा रात्र झाली होती. मी आजीला विचारलं, "आजी, आंबा घाटात त्या रात्री काय झालं होतं?"

आजी म्हणाली, "आज इचारलंस होय?" आणि सांगू लागली. पावसाळ्यात दरड कोसळून गाडी रात्रभर घाटात अडकली होती. गाडीत लहान पोरं होती, ती भुकेनं रडायला लागली. आजोबा अंधारात चालत खाली साखरप्याला गेले. पिशवीत तिकिटांचे पैसे होते, पण ते सरकारचे, त्यांना हात लावायचा नाही. म्हणून एका दुकानदाराकडं हातातलं घड्याळ ठेवलं आणि दूध-पोहे घेऊन पहाटेच्या आत वर आले. "लग्नातलं घड्याळ," आजी म्हणाली. "सोडवायला दोन महिनं लागलं. मला सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय म्हणून. खरं काय ते मला त्या ड्रायव्हरच्या बायकोकडनं कळलं."

पुढं सहा महिने, म्हणजे दोन कूर, आम्ही दर शुक्रवारी 'फ्रीरेन' पाहिली. मालिका अठ्ठावीस भागांची होती, २२ मार्च २०२४ ला संपली. माझ्या वहीतलं एक निरीक्षण मात्र खरं ठरलं: माणसं नुसती चालतात. हिमेलबरोबर चाललेल्या वाटेनंच फ्रीरेन पुन्हा जाते. गावोगावी त्याचे पुतळे उभे असतात. कुठं ती पुतळा घासून स्वच्छ करते, कुठं त्याला आवडलेलं फूल शोधते, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची एखादी जुनी गोष्ट तिला आठवते. भाग संपला की आजीलाही एक गोष्ट आठवायची. भागाची चोवीस मिनिटं आणि आजीची पाऊण तास! माझ्या हिशेबात हा वेळ कुठंच धरलेला नव्हता. अर्थशास्त्राचा पेपर बेताचाच गेला.

त्या मे महिन्यात आम्ही तिघं कोल्हापूरहून रत्नागिरीच्या गाडीत बसलो. बायकांना निम्मं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर पूर्ण फुकट. आजी म्हणाली, "हे असते तर आधी दाखला बघितला असता, मगच बसू दिलं असतं." घाटात गाडी थांबली नाही. साखरप्याला थांबली. आजी खिडकीतून दोन्ही बाजूंची दुकानं बघत राहिली. ते दुकान तिला ओळखता आलं नाही. तिनं ते पूर्वी पाहिलेलंच नव्हतं. भावानं खाली उतरून तीन कप चहा आणला. एक बिनसाखरेचा. तो कुणी प्यायचा, हे कुणीच ठरवलं नव्हतं. शेवटी मी प्याले.

वाचकहो, यावरून मी वही फेकून दिली असं समजू नका. वही हवीच. एवढ्या डझनावारी मालिकांतून वाट काढायची तर काहीतरी माप लागतंच, आणि माझ्या मापानं निवडलेली माओमाओही फार आवडली. पण मापाची मर्यादा मला कळली. ते सांगतं ते आपल्याला आधी काय आवडलं होतं त्याविषयी. पुढं आपल्याला कशाची गरज पडणार आहे, ते त्या चार रकान्यांत कुठं लिहिलेलं असतं? म्हणून आता पाचांपैकी चारच मालिका मी गुणांवर घेते. पाचवी ओळ मोकळी ठेवते. ती नापासांतून भरायची, आणि तिचे तीन भाग पाहिल्याशिवाय तिच्यावर तांबडी शाई चालवायची नाही, असा नियम केला आहे. या नियमानं आजवर दोनदा वेळ फुकट गेला. तरी नियम चालू आहे.

२०२६ च्या जानेवारीत 'फ्रीरेन'चा पुढचा भाग सुरू झाला तेव्हा निवडीचा प्रश्नच आला नाही. दहावीचं वर्ष म्हणून भावाला एकच मालिका बघायची परवानगी होती. त्यानं तीच मागितली. आता झलकीत तलवार नसली तरी त्याला चालतं. आणि आजीनं शुक्रवारी संध्याकाळी देवापुढचा दिवा लागल्यावर स्वतःच विचारलं, "ती म्हातारी पोर आली का?"

आता पुन्हा यादी समोर आहे. मी टी.वाय.ला. यानंतर कुठल्या गावी, कुणाबरोबर बसून मालिका बघायच्या आहेत, ते अजून ठरायचं आहे. त्यालाही रकाने पाडून झाले, गुण देऊन झाले. वहीत चार नावं लिहिली आहेत, पाचवी ओळ मोकळी आहे. कुणाला काही सुचवायचं असेल तर ग्रंथालयाच्या जिन्याखालच्या बाकावर मधल्या सुट्टीत मी भेटते. फक्त गोष्टीचा शेवट सांगू नका. आजी रागावेल.