दोन बोटं वर!

खरं सांगते, सायकल विकायचं मी ठरवून टाकलं होतं. हौसेनं घेतलेली, एकवीस गिअरची, चंदेरी रंगाची. पहिले पंधरा दिवस रोज ऑफिसला नेली आणि मग गुडघे बोलायला लागले. जिना उतरताना वाटीच्या आसपास अशी कळ यायची की बस! तिशीच्या आत नी-कॅप? छे! सायकल गेली बाल्कनीत आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. (तुमच्याकडेही आहे ना अशी एखादी? मला माहितीये.)

ती वाचली, ती धाराशिवच्या मामांमुळे.

मामा रिटायर्ड शिक्षक, वय ६८. त्यांची सायकल काळी, दांडीच्या ब्रेकची, चेनकव्हरवाली. बँक, दळण, भाजी, सगळं तिच्यावर. आणि मामा अजून मांडी घालून जेवतात. मी विकायची गोष्ट काढली तर फोनवर म्हणाले, "येळवशीला येतीस ना? मग तिलाबी घेऊन ये. इकायच्या आधी बघू तरी."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी धाराशिव-लातूरकडची गावं रिकामी आणि शेतं भरलेली असतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गारेगार आंबील. गावाचं नाव सरकारी कागदावर उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ साली, पण आमच्या आजीच्या तोंडी ते कायम धाराशिवच होतं. तर ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल घालून मी पोचले, आंबील ढोसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी फर्मान काढलं. तेरला जायचं. सायकलवर. एका बाजूचं अंतर वीस-पंचवीस किलोमीटर!

"मामा, माझे गुडघे..."

"बस आधी. बघू दे."

अंगणात एक चक्कर मारली. मामा हसायला लागले. "एवढी महागाची सायकल, अन् बसलीस बघ कशी! पाटावर बसल्यावानी."

मग मला भिंतीला टेकून बसवलं. पेडल सगळ्यात खाली, त्यावर पायाचा पंजा नाही, टाच ठेवायची. टाच टेकल्यावर पाय सरळ व्हायला हवा. माझा चांगलाच वाकलेला! सीट बुटकी असली की पेडल वर येताना गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि सगळा जोर वाटीवर येतो. दिवसातून हजारो वेळा. दुकानात मला दोन्ही पाय जमिनीला पुरतील अशी सीट लावून दिली होती. मलाही सेफ वाटलं होतं, आपण काय डोकं लावणार!

मामांनी दांड्याचा खटका सोडला, सीट दोन बोटं वर. पुन्हा टाच. पुन्हा थोडी वर. मग पंजा पेडलवर ठेवला तर गुडघ्यात अगदी किंचित बाक राहिला. बस्स, हेच माप. दांड्यावर एक रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसेल इतकं मात्र वर घ्यायचं नाही. माप जमल्यावर मामींच्या नेलपॉलिशनं खूण केली, म्हणजे पार्किंगमध्ये कुणी सीट खाली केली तरी टेन्शन नाही.

"आणि सिग्नलला पाय कसे टेकवू?"

"सीटवरनं उतरायचं की. घोड्यावर बसलीस का?" थांबताना पुढे सरकून एक पाय जमिनीवर. दोन दिवसांत जमतं, आईशप्पथ.

बाकीची तपासणी फटाफट झाली. ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलला टेकत होता. वायर जिथं लिव्हरमध्ये शिरते तिथली छोटी नळी हातानंच उलटी फिरवली, ताण आला. चेनवर थेंब थेंब तेल, दहा-बारा वेळा उलटं पेडल, आणि मग फडक्यानं पुसूनही टाकायचं! मला वाटायचं जितकं तेल तितकं चांगलं. पण वरचं जास्तीचं तेल धूळ धरतं आणि त्याचा काळा लगदा चेन झिजवतो. मी पाठीला लावलेली सॅक मामांनी काढून कॅरिअरला बांधली. ओढणी मात्र मी शहाण्यासारखी आधीच घरी ठेवली होती.

निघालो. गार, झणझणीत वारा तोंडावर. थंडीत इकडं वारा बहुतेक ईशान्येकडून येतो आणि तेरही त्याच दिशेला. म्हणजे ताकद ताजी असताना वाऱ्याशी भांडायचं आणि थकल्यावर त्यानं ढकलायचं. दोन्ही बाजूंना कणसात आलेली ज्वारी, हरभरा, काट्यांची करडई. मी सवयीनं जड गिअर टाकून दात-ओठ खात पेडल मारत होते. मामांच्या सायकलला गिअर एकच, पण पाय कसे, भरभर आणि हलके. "हलकं कर की! दिलंय तर वापर." गिअर हलका केला, पाय जोरात फिरायला लागले, दम थोडा वाढला पण गुडघे गप्प! चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा, हेही तेव्हाच कळलं. चढावर मधेच बदलला की चेन कशी किंचाळते, ते रस्त्याकडेच्या शेळ्यांनीही ऐकलं.

तेरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. वेडी बाभूळ! हिच्या काट्यापुढे भले भले टायर हरतात. "काटा दिसला अन् हवा टिकून असंल, तर दुकान येईस्तोवर उपसायचा नाही," मामा म्हणाले. इथं हवा संपलेलीच होती, चालत गेलो. पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात धरली, बुडबुडे सापडले, ठिगळ लावलं. पण ट्यूब परत घालण्याआधी त्यांनी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवलं आणि तुटलेलं टोक बाहेर काढलं. ते राहिलं असतं तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा तेच. मग पुढचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. "कच्चं हाय." मामा खो-खो हसले. गोरोबाकाकांच्या गावात हे ऐकायचं! संतांच्या मेळ्यात थापटून नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारे गोरा कुंभार इथलेच.

टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, मी तो कधी वाचलाच नव्हता. माझ्यावर लिहिलंय ४० ते ६५ पीएसआय. आता आठवड्यातून एकदा पंप मारते. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि आपल्याला वाटतं आपलाच स्टॅमिना गेला!

तेर मात्र निवांत बघा. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांचं मंदिर, विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर, आणि रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय. हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून थेट भडोचच्या बंदरात जायचं. किती दिवस लागत असतील, आणि चाकांना तेल कोण घालत असेल? संग्रहालयात उभी राहून मी हाच विचार करत होते. सायकल डोक्यात जाते ती अशी.

परतताना वारा पाठीवर. मामा पुढे, मी मागे, मध्ये एकदा चहा. घरी पोचल्यावर मी मुद्दाम जिना चढून उतरले. मांड्या भरल्या होत्या, पण वाटीतली कळ? नव्हती. मामींनी पुन्हा उंडे वाढले आणि मी मांडी घालून बसले.

तुम्हालाही जायचं असेल तर मुंबई-लातूर एक्स्प्रेस धाराशिवला थांबते, सायकल पार्सलनं येऊ शकते. तुळजापूरचा हायवे सायकलला दगदगीचा, तेरचा रस्ता बरा. जास्तीची ट्यूब आणि पंप न्याच, वेड्या बाभळी वाट बघतायत. आणि मामांचा फोन अजून दर रविवारी येतो. पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो.

"हवा बघितलीस का?"