काळाचे दप्तर

महाविद्यालयात तत्त्वज्ञान घेतले आहे आणि त्यात काळ या विषयावर स्वतंत्र व्याख्यानमाला आहे, हे मी घरी सांगितले, तेव्हा अलिबागच्या कलेक्टर कचेरीत आयुष्यभर बारनिशीचे रकाने भरलेल्या माझ्या वडिलांनी, काळ तर पंचांगात असतो, त्यासाठी मुंबईस जाऊन फी कशाला भरावयाची, असा प्रश्न केला.

त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न रास्त होता. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब लहानपणीच अंगवळणी पडलेला. अष्टमीस सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी, आणि म्हणूनच कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन गणपतीचे दर्शन घेऊन परतावयास त्या दिवशी भरदुपारची सवड. या हिशेबात काळ म्हणजे फिरून फिरून येणारी पाळी होती.

वर्गात मात्र काळाचे निराळेच रूप समोर आले. वैशेषिकांनी त्याला पृथ्वी, जल यांच्या पंक्तीस बसवून नऊ द्रव्यांत गणले. उलट मॅक्टॅगर्ट या केंब्रिजच्या पंडिताने 1908 साली भूत, वर्तमान, भविष्य या भेदातच विसंगती दाखवून काळ मुळी सत्यच नाही असा निकाल दिला. सर्वांत रंगली ती कालप्रवासाची चर्चा. भागवतातला राजा ककुद्मी आपल्या कन्येसाठी, रेवतीसाठी, वर विचारावयास ब्रह्मलोकी गेला आणि तेथे क्षणभर थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली; पण तो पुढेच गेला, आणि पुढे जाण्यात तर्काला अडचण नाही. अडचण मागे जाण्यात. मागे जाऊन कोणी आपल्याच आजोबांवर बंदूक रोखली तर? डेव्हिड लुईस याने 1976 च्या निबंधात दिलेले उत्तर मला तेव्हा पळवाट वाटले आणि आज बिनतोड वाटते: नेम कितीही अचूक असो, तो चुकेलच, कारण आजोबा त्या दिवशी मेले नाहीत ही घटना घडून गेलेली आहे. जयंत नारळीकरांच्या कथेतील गंगाधरपंतांना विश्वासराव जिवंत राहिलेले पानिपत सापडते, तेही निराळ्या इतिहासाच्या जगात गेल्यामुळे. आपले पानिपत जसेच्या तसेच राहते.

उतारवयात गावी परतल्यावर या विषयाचे एक प्रकरण घराजवळच होते असे ध्यानी आले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहाने तेथील कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या संचालकपदाच्या काळात 1904 साली ते काम अलिबागेस हलविले गेले. पण मुंबईचे काम तडकाफडकी बंद न करता 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून जुन्या मालिकेला नवी मालिका नीट जुळावी. या सावधगिरीचे मला ट्रामगाडीपेक्षा अधिक कौतुक वाटते. मुंबईच्या त्या जुन्या दप्तरात सप्टेंबर 1859 च्या प्रचंड सौरवादळाची, निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून हाताने उतरविलेली नोंद होती. तिच्यावरून 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या वादळात मुंबईतील चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घटले होते असे ठरविले. दीडशे वर्षांपूर्वीच्या घटनेत केसाइतकाही फरक न करता तिच्यापर्यंत पोहोचण्याचा याहून विश्वासार्ह मार्ग मला कोणत्याही व्याख्यानात आढळला नाही, आणि तो बारनिशी भरणाऱ्यांच्याच जातकुळीतील माणसांनी बांधलेला आहे, हे वडिलांना सांगावयाचे राहून गेले.

म्हणून वाचकांना एक विनंती. माळ्यावर आजोबांच्या रोजकीर्दी, मोडी कागद, खुणा केलेली जुनी पंचांगे पडली असतील, तर ती वाचता येत नाहीत एवढ्याच कारणाने रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणकारांना आधी दाखवा.