चष्मा न काढता

कोयना खोऱ्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरायला लागून मला चोवीस वर्षं झाली. पाटणपासून हेळवाकपर्यंत आणि तिथून वरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत सगळं मोटरसायकलवर. दिवसाला आठ-दहा थांबे ठरलेले. कुठे गाय अडलेली, कुठे म्हशीच्या सडाला सूज, कुठे रेतनाची वेळ निघून चाललेली. माझ्या चष्म्याचा नंबर उणे साडेसहा. तो काढला की हाताची बोटंसुद्धा डोळ्यांजवळ आणल्याशिवाय नीट दिसत नाहीत. म्हणून कितीतरी वर्षं मी तोंड उघडं राहणारं अर्धं हेल्मेट वापरलं. ते चष्म्यावरून सरळ डोक्यात बसायचं आणि गोठ्यापाशी थांबलं की लगेच बोलता यायचं.

२०१९च्या जुलैत कोयनानगरच्या अलीकडे एका वळणावर डोंगरातली तांबडी माती वाहून रस्त्यावर आली होती. पुढचं चाक सरकलं. वेग चाळीसचासुद्धा नव्हता. डोक्याला ओरखडा नाही, पण हनुवटी डांबरावर आपटली. सात टाके पडले, जबड्याच्या हाडाला चीर गेली, आणि पाच आठवडे पेज, वरणाचं पाणी नि ताक यांवर काढले. कराडला टाके घालणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "हेल्मेट होतं ना?" मी मान हलवली. "मग हनुवटीला काय होतं?" काहीच नव्हतं. चष्म्याची सोय म्हणून मी तोंडाचा निम्मा भाग उघडा ठेवून ऐन पावसाळ्यातला घाट चालवत होतो.

बरा झाल्यावर पूर्ण बंद हेल्मेट घेतलं. चांगलं होतं, आयएसआय शिक्क्याचं होतं. पण ते चष्म्यासकट घालता येत नाही. आधी चष्मा काढायचा, तो टाकीवर किंवा खिशात ठेवायचा, हेल्मेट ओढून घालायचं, मग पुढच्या खिडकीतून चष्म्याच्या काड्या कानशिलापाशी चाचपडत आत सरकवायच्या. उतरताना हेच उलट. दिवसातून दहा वेळा. पावसात काचा ओल्या, हाताला शेण नाहीतर औषध लागलेलं. सहा महिन्यांत दोन फ्रेमच्या काड्या वाकल्या.

हेही चाललं असतं. पण एका संध्याकाळी, भुरभुर पावसात, पुढचा गोठा दोन शेतं सोडून होता. एवढ्याशा अंतरासाठी पुन्हा ती खटपट नको म्हणून चष्मा खिशात ठेवला आणि निघालो. बांधावरून एक मुलगा रस्त्यात उतरला, तो मला दिसलाच नाही. त्याच्या ओरडण्याने मी ब्रेक दाबला. तो उडी मारून बाजूला झाला होता. सात-आठ वर्षांचा असेल. मी गाडी उभी केली, तेव्हा हात कापत होते. मी रोज ज्या गावात जनावरं वाचवायला जातो, त्याच गावातलं एक पोर माझ्या आळसापायी चाकाखाली आलं असतं. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचंही नाही.

त्यानंतर फ्लिप-अप हेल्मेटच्या मागे लागलो. खटका दाबला की हनुवटीचा अख्खा भाग कपाळावर उचलला जातो, ते हे हेल्मेट. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९८१ साली असं हेल्मेट बाजारात आणलं होतं. आपल्याकडे आता बेळगावच्या वेगापासून फरीदाबादच्या स्टड्सपर्यंत कितीतरी कंपन्या ते बनवतात. मी कराडची दुकानं पाहिली, मग दोन रविवार कोल्हापूरला घालवले. घेतलेल्या हेल्मेटचं नाव मुद्दामच सांगत नाही. माझं डोकं पुढून मागे लांबट आहे. जे मला चपखल बसलं, ते गोल डोक्याच्या माणसाला कानशिलावर घट्ट आणि कपाळावर सैल होईल. भुवयांच्या वरून, मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवून माप घ्यावं. त्याने आकडा कळतो, आकार कळत नाही. तो घालूनच कळतो.

पहिल्या दुकानात माझी चूक झाली. चष्मा काढून हेल्मेट घातलं, छान बसलं, आरशात पाहिलं आणि पैसे द्यायला निघालो. बरोबर आलेली मुलगी म्हणाली, "बाबा, चष्मा लावून बघा की." लावला. काड्या कानशिलाच्या गादीत रुतल्या आणि पाच मिनिटांत कानाच्या वर ठणका लागला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. गालाच्या गाद्यांनी फ्रेम किंचित वर ढकलली होती. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, वर लांबचं आणि खाली वाचायचं. फ्रेम दोन-तीन मिलिमीटर वर सरकली की वाचायचा भाग डोळ्यांच्या दिशेने चढतो. समोरच्या दुकानाची पाटी मला धूसर दिसत होती. रस्त्यावरचा खड्डाही तसाच दिसला असता.

म्हणून पुढे प्रत्येक दुकानात चष्मा लावूनच बसलो, निदान वीस मिनिटं. काही दुकानदार कंटाळले. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र खुर्ची दिली आणि सांगितलं, "बसा निवांत. दुखायचं असंल तर हितंच दुखू दे." गालाच्या गादीत काडीसाठी खाच कशी असते, ती बोट घालून कशी शोधायची, हे त्यांनीच दाखवलं. हनुवटीचा भाग उघडून हेल्मेट घालायचं, दोन्ही बाजू हातांनी जरा फाकवायच्या. माझी बारीक फ्रेम त्यातून डोळ्यांवरच राहते. राहिली नाही, तरी समोरून सरळ आत जाते, चाचपडावं लागत नाही. गाल मात्र दाबले गेलेच पाहिजेत. मागून धरून हेल्मेट पुढे ओढलं तेव्हा ते डोक्यावरून निसटलं नाही, कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली. चष्म्यासाठी एक माप मोठं घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण सैल हेल्मेट पडताना निघून जातं.

पट्ट्यावर शिवलेली चिठ्ठी वाचायलाही त्यांनीच शिकवलं. आपल्याकडे १ जून २०२१पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, तेव्हा तो हवाच. ज्यावर युरोपचा ईसीई शिक्काही असतो, त्या चिठ्ठीवर इंग्रजी पी आणि जे ही अक्षरं पाहायची. पी म्हणजे हनुवटीचा भाग संरक्षण देतो, जे म्हणजे तोंड उघडं असलेलं हेल्मेट. दोन्ही अक्षरं असली तर ते बंद आणि उघड्या, दोन्ही स्थितींत तपासलेलं असतं. एनपी लिहिलेलं असेल, तर हनुवटीचा भाग संरक्षणासाठी धरू नये. माझ्या हनुवटीवरचा व्रण पाहून ते म्हणाले, "तुमाला पी लागणारच." खटका धातूचा आहे का, दोन्ही बाजूंनी एकदम बसतो का, हे वीसेक वेळा उघडझाप करून पाहिलं. एका हेल्मेटचा डावा खटका तिसऱ्या वेळी बसला नाही. ते तिथेच ठेवलं.

आतली काळी काच, म्हणजे सनव्हायझर, खाली ओढल्यावर चष्म्याच्या वरच्या कडेवर आपटते का, तेही पाहावं लागतं. मला ती काच हवीच होती. माझ्या चष्म्याच्या काचा उन्हात काळ्या होणाऱ्या आहेत आणि बंद हेल्मेटमध्ये त्या काळ्या होत नाहीत, हे मला वर्षभर कोडं होतं. बाहेरची पॉलिकार्बोनेटची काच अतिनील किरण अडवते आणि चष्म्याची काच त्याच किरणांनी काळी होते, हे उत्तर चष्मेवाल्याने दिलं. त्याच्याकडूनच गाडीसाठी दुसरा चष्मा करून घेतला. काड्या सरळ, पातळ, टोकाला कमी वाकलेल्या. काचाही पॉलिकार्बोनेटच्या, सहज न फुटणाऱ्या.

धुक्याचं पूर्ण समाधान मला सापडलेलं नाही. बाहेरच्या काचेला आतून पिनलॉक बसवलं. ही दुसरी पातळ काच असते, कडेला सिलिकॉनची रेघ, मधे हवा कोंडलेली. त्यामुळे बाहेरची काच श्वासाने धुरकट होत नाही. पण चष्मा होतो, कारण श्वास आत त्याच्यावरच येतो. नाकाखाली श्वास वळवणारी रबरी पट्टी लावली, हनुवटीजवळचा झरोका उघडा ठेवला, चष्मा भांड्याच्या साबणाच्या थेंबाने धुऊन मऊ कापडाने पुसायला लागलो. कुंभार्ली घाटात, जुलैत, तरीही कधीकधी थांबावं लागतं. मग थांबतो.

वजन दीड किलोच्या वर आहे. पहिला पंधरवडा मान धरली होती. वाऱ्याचा आवाजही पूर्ण बंद हेल्मेटपेक्षा जास्त येतो. गावाच्या गल्लीत हनुवटी वर करून हळू जातो, डांबरी रस्ता लागला की खटका बसल्याचा आवाज ऐकूनच गिअर टाकतो. हनुवटी वर असताना वेग वाढवला, तर वारा डोकं मागे खेचतो. मी एकदाच तसं केलं.

आता गोठ्यापाशी गाडी लावतो, खटका दाबतो आणि चेहरा उघडतो. चष्मा जागेवर असतो. मालक बोलत असतो, मी त्याच्याकडे बघत ऐकत असतो, आणि गाय कोणत्या पायावर भार टाकत नाही, हे दारातूनच दिसतं.

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यातल्या नव्या ड्रेसरला चष्मा लागला. त्याला घेऊन मी कोल्हापूरला गेलो. म्हाताऱ्या दुकानदारांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. पोरगं चष्मा लावून, हेल्मेट घालून बसलं. दहाव्या मिनिटाला ते म्हणालं, "डावीकडं टोचतंय, डॉक्टर." दुकानदारांनी न बोलता शेल्फवरून दुसरं काढलं.