सोप्या वाटेवरचं रान

पुण्यात टेकडी म्हटलं की धापा टाकत वर पोचायचं, हे ठरलेलं. तळजाईवर मात्र चढ गाडीच संपवते. सहकारनगरकडून येणारा रस्ता थेट पठारावरच्या देवळापाशी आणून सोडतो. पुढे वनखात्याचं रान आणि त्यातून जाणारी रुंद मातीची वाट. आईच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना ती मानवते, आणि दर चार पावलांवर उकिडवी बसणाऱ्या माझ्या लेकीलाही.

एकटी असते तेव्हा मी इथून झपाझप जाते; झाडांच्या बाजूने जाते, झाडांकडे नाही. या दोघींबरोबर चाल आपोआप मंदावते. मग मुंगळ्यांची रांग शेवटपर्यंत बघावी लागते. झुडपाआडून मोर ओरडतो आणि लेक किंचाळते, "आजी, मोर!" आई तिचा हात दाबते. "हळू गं, बुजेल तो."

फेब्रुवारी सरत आला की इथल्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी लगडतात. हे गिरिपुष्प, म्हणजेच ग्लिरिसिडिया. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. नुसती फांदी रोवली तरी फुटतं, मुरमाड जमिनीत तगतं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतं. उघड्याबोडक्या टेकड्या लवकर हिरव्या करायच्या, तर याहून सोपं झाड कुठलं? म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते भरभरून लावलं गेलं. पण त्याच्या दाटीत मोकळ्या उन्हाचं गवत मागे हटतं, आणि साळई, मोई, गणेर यांसारख्या इथल्या झाडांना जागा उरत नाही. जाणकारांची तक्रार खरी आहे. मलाही ती पटते, आणि तरीही त्या गुलाबी बहराखाली उभी राहून मी लेकीला फुलं वेचू देते.

सोपेपणाचा मला राग येत नाही. सोपी वाट नसती तर आई घरीच राहिली असती आणि लेकीला मोर चित्रातच दिसला असता. पण सोप्यावरच थांबलं की बाकीचं हरवतं. लेक पुढे सिंहगड पायी चढेल, चढायलाच हवा. या रानातही गिरिपुष्पाने जमीन धरून ठेवली. आता त्याची दाटी विरळ करून साळईची रोपं लावायला हवीत. आईसाठी आम्ही चाल कमी केली, तसं कुणाला तरी मुद्दाम थोडं मागे सरावं लागतं. झाड स्वतःहून सरत नाही. ते काम माणसांचंच.