ढेप्यानं वळण लावलेलं घर

आमच्याकडे पाहुण्यानं दाराशी चपला काढल्या, की घरातलं कुणीतरी त्या उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवतं. पाहुणा ओशाळतो, "राहू द्या, राहू द्या" म्हणतो. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नाही. ही शिस्त घराला ढेप्यानं लावली, २००८ साली, आल्या आल्या.

ढेप्याचा जन्म दर्यापूर तालुक्यातला, काकांच्या गोठ्यातला. सरकीच्या ढेपेची पोती रचली होती, त्यांच्या मागे त्याच्या आईनं जागा धरली. डोळे उघडले तसा हा गडी पोत्यातून सांडलेली ढेप चाटायला लागला, असं काकू सांगायची. नाव तिथंच पडलं. तो सगळा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या काळ्या जमिनीत विहीर खणली तरी पाणी लागतं ते खारं; पिकाच्याही कामाचं नाही आणि माणसाच्याही. पोळ्याला बाबा गावी गेले आणि येताना एसटीनं, कापडी पिशवीत घालून, त्याला अमरावतीला घेऊन आले. गाडगेनगरच्या आमच्या घरात पाऊल टाकल्यावर त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. सरळ नळाखालच्या बादलीत तोंड घातलं. सिंभोऱ्याच्या धरणावरून येणारं ते गोड पाणी त्याला असं काही लागलं, की नळाशी त्याचं नातं जन्मभर टिकलं. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. पाणी यायच्या आधी तोटी जी फुसफुसते, ती आमच्या आधी त्याला ऐकू येई आणि तो तिच्यासमोर उभा राहून भुंके. शेजारच्यांनी त्याच्या भरवशावर पहाटेचा गजर लावणं सोडलं होतं.

रूप म्हणावं तर गावरान. पिवळट तांबूस अंग, एक कान उभा, एक पडलेला. स्वभाव सोशिक, पण दोन बाबतींत त्याच्यापुढे कुणाचं चालत नसे. एक संत्रा. हिवाळ्यात वरुड-मोर्शीकडचा माल बाजारात आला, की बाबा ओसरीवर संत्रा सोलत बसत आणि ढेप्या त्यांच्या गुडघ्याला टेकून बसे. सालीचा फवारा नाकात गेला की शिंके, पण जागचा हलत नसे. बी काढलेली फोड तोंडात पडली, की डोळे मिटून घेई. दुसरी बाब फटाके. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला बॉम्ब फुटला, की तो मधल्या खोलीत पलंगाखाली शिरे आणि थरथरत राही. मग बाबा ती खोली बंद करून घेत, टीव्हीचा आवाज वाढवत आणि पलंगाशी जमिनीवर बसत. पूजा उरकून आई ताट तिथंच नेऊन देई. दिवे, रांगोळ्या, अनार हे सगळं बाकीच्यांनी पाहावं. बाबांची दिवाळी पलंगाखाली हात घालून पार पडे.

२०२१च्या फेब्रुवारीत अमरावती आणि अचलपूर पुन्हा बंद झालं, तेव्हा त्याचं वय दिसू लागलं. डोळ्यांवर निळसर झाक आली होती. तोटीची फुसफुस आता त्याच्या आधी आम्हाला ऐकू येई. पाणी मात्र तो पूर्वीपेक्षा जास्त पिऊ लागला, आणि ज्या कुत्र्यानं पिल्लूपण संपल्यावर घरात कधी फरशी ओली केली नाही, तो रात्रीतून केविलवाणा होऊन दाराशी उभा राहू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती. या दुखण्याची खोड अशी, की दोन तृतीयांश मूत्रपिंड निकामी होईस्तोवर बाहेर काही कळत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं तोवर तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. पथ्य सुरू झालं, गोळ्या आल्या, कातडीखाली सलाइन द्यायला आम्ही शिकलो. इंजेक्शन म्हटलं की तोंड फिरवणारे बाबा त्याचं डोकं मांडीवर धरून बसत आणि सुईकडे टक लावून पाहत.

त्यानं पुढं वर्षभर काढलं. पण वऱ्हाडचा उन्हाळा अशा जिवाला पेलणारा नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून, तो अंग निववतो. त्याचं अंगच मुळी ३८-३९ अंशांचं. बाहेर ४४-४५ झालं, की सावलीतली हवाही त्याला तापवत असते. मग सगळी भिस्त पाण्यावर, आणि त्याच्या मूत्रपिंडांना तर पाणीच धरून ठेवता येत नव्हतं. २०२२च्या मे महिन्यात तो कूलरच्या टाकीखाली, जिथं थेंब गळून फरशी ओली राहते, तिथून उठेनासा झाला. एका दुपारी आईनं भाकर दुधात कुस्करून पुढं ठेवली, त्यानं फक्त शेपटी हलवली. संध्याकाळपर्यंत संपलं.

काकांच्या शेतात, धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली त्याला पुरायचं ठरलं. मे महिन्यातली काळी जमीन म्हणजे वर हात जाईल अशा भेगा आणि खाली दगड. फावडं वाजून परत येई. काकांनी सब्बल आणली, आळीपाळीनं घाव घातले, तेव्हा कुठं खड्डा झाला. घरी आल्यावर आई एकच वाक्य बोलली, "आता या घरात कुत्रं आणजो नोको बाप्पा. मले पुन्हा असं पाहनं होत नाई." कुणी वाद घातला नाही.

गंमत पुढंच आहे. कुत्रा गेला, पण कुत्र्याचं घर तसंच चालू राहिलं. चपला कठड्यावरच जात राहिल्या. फाटकाला आतून कडी घातली, की मागं वळून ती पुन्हा ओढून पाहायची सवय गेली नाही. ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आम्ही कुणी बसत नव्हतो, कारण ती त्याची; तो गेल्यावरही ती ओलांडूनच वर चढत होतो. दुपारी सगळे बाहेर गेले, की आई स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलत असे. पूर्वी ऐकायला कुणीतरी होतं. आता तिचं तिलाच ते ऐकू येई आणि ती गप्प होई. तव्यावरची शेवटची लहान भाकर रोज होत राहिली. पितृपक्षात आजोबांच्या तिथीला तिनं पानावरून गायीचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढला. इतकी वर्षं तिसरा घास घरातच खपत होता. त्या दिवशी तो द्रोण घेऊन ती फाटकाबाहेर गेली आणि गल्लीत कुत्रं शोधत गाडगेबाबांच्या समाधी मंदिराच्या रस्त्यापर्यंत चालत गेली.

आणि दिवाळी. लक्ष्मीपूजनाला पहिला बॉम्ब फुटला तसे बाबा उठले, मधल्या खोलीत गेले, दार लावलं, टीव्ही मोठा केला. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. बऱ्याच वेळानं आईनं नेहमीसारखं ताट आत नेलं. तिला त्यांना बाहेर बोलवायचं धाडस झालं नाही.

मला तेव्हा उमगलं ते असं. आपण म्हणतो, कुत्रा पाळला, त्याला वळण लावलं. वळण खरं तर त्यानं आम्हाला लावलं होतं. बसायचं कुठं, उठायचं कधी, कोणता आवाज ऐकायचा, कुणासाठी थांबायचं, हे सगळं चौदा वर्षांत त्यानं आमच्याकडून घटवून घेतलं होतं, आणि आता एवढं शिकलेलं घर रिकामं बसलं होतं. दुसरं कुत्रं आणणं म्हणजे पहिल्याशी बेइमानी, असं दुःखात वाटतं, आणि ते वाटणं खोटंही नसतं. पण ढेप्यानं जे शिकवलं ते वापरायचंच नाही, यात तरी त्याचा कोणता मान होता?

हे मी घरात बोललो नाही. बोलली ती अकोल्याची ताई. तिच्या वसाहतीतली एक काळी कुत्री दसऱ्यानंतर बांधकामाच्या विटांआड व्याली होती. पावसाळा सरला की गल्लोगल्ली पिल्लं दिसू लागतात आणि थंडी अर्ध्याहून अधिक घेऊन जाते. ताई रोज पोळी-दूध नेऊन ठेवत होती. तिचा फोन आला, "तीन पोट्टे गेले, पोट्टी रायली. तिले कोणी नेत नाई." मादी म्हणजे दर वर्षाची पिल्लावळ, हा हिशोब सगळीकडे पक्का. नसबंदी करता येते हे ठाऊक असूनही हात नरालाच लागतो. आई फोनवर काही बोलली नाही. रात्री जेवताना मात्र विचारलं, "रंग कसा हाय म्हने तिचा?"

लगेच आणायची नाही, असं ताईनंच बजावलं. पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशी आणि भावंडांत राहिलेलं बरं. खेळता खेळता चावलं, की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतं. किती जोरानं चावायचं याचं माप पिल्लाला तिथंच मिळतं. तेवढे दिवस भरले आणि डिसेंबरात आम्ही अकोल्याला गेलो. आधी तिला मूर्तिजापूर रोडवरच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत दाखवलं. जंताचं औषध झालं, पहिली लस झाली. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, म्हणून लसींचे सगळे डोस होईस्तोवर तिला रस्त्यावर उतरवायचं नाही, आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस चुकवायची नाही, असं निक्षून सांगण्यात आलं. आईनं पदराला गाठ मारली.

परतीचा रस्ता म्हणजे महामार्ग ५३. एके काळी त्याच्या खड्ड्यांनी आमची हाडं खिळखिळी केली होती. त्याच वर्षी जूनमध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीज बुकात नोंद झाली होती. त्या विक्रमी, गुळगुळीत रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे, पिल्लानं आईच्या शालीवर उलटी केली. आई म्हणाली, "होऊ दे व माय, धुता येते." कुत्रं आणू नको म्हणणारी बाई ती हीच.

भाच्यानं तिचं नाव बोंडी ठेवलं. काळ्या अंगावर छातीशी पांढरा ठिपका, फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा. ती घरी आली तेव्हा गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचे दिवस होते. गाडगेबाबा गेले ते २० डिसेंबर १९५६ला, वलगावच्या पुलावर. त्यांची समाधी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. रात्री उशिरापर्यंत भजनं चालू होती आणि भजन थांबलं, की बोंडीचा सूर लागे. आई अंथरुणातून उठून तिच्या खोक्याशी बसली, "काहून रडतं व माय? आमी अठीच हावो ना." ढेप्याला पहिल्या रात्री ओसरीवर रडू दिलं होतं. बोंडीला तसं रडावं लागलं नाही. त्या रात्रीपासून खोकं आईच्या पलंगाला लागून राहिलं.

अशी एकेक वडिलोपार्जित इस्टेट तिला आयती मिळत गेली. दुधाचे दात शिवशिवू लागले तेव्हा तिनं घरभर चपला हुडकल्या. जमिनीवर एकही नव्हती. फाटक कधी उघडं सापडलं नाही. शेवटची भाकर तयारच होती. दुपारच्या आईच्या गप्पांना कान मिळाले. गोचीड शोधायला कानामागं बोटं फिरवायची, हे बाबांना सांगावं लागलं नाही. मधूनच आई तिला "ढेप्या" म्हणून हाक मारी आणि ती बिनतक्रार धावत येई.

पण ती ढेप्या नाही, हे सांगायलाही तिनं वेळ लावला नाही. दुसरी पायरी तिनं नाकारली. ती बसते तुळशीच्या कट्ट्यावर, आईच्या शिव्या खात. नळाशी तिचं काही देणंघेणं नाही, गजर पुन्हा लावावा लागतो. बाबांनी मोठ्या मायेनं संत्र्याची फोड पुढं केली. तिनं हुंगली, मान फिरवली आणि जाऊन गिला वड्याचा कागद चाटला. बाबा दुखावले. दोन दिवस संत्रा सोलला नाही. मग एके संध्याकाळी ते तिला फोड न देता, नुसतेच शेजारी बसून खाताना दिसले, आणि ती त्यांच्या पायाचा अंगठा चावत होती. दोघांचं बरं चाललं होतं.

२०२३च्या लक्ष्मीपूजनाला बाबांनी दुपारीच मधली खोली लावून घेतली. पलंगाखाली सतरंजी, पाण्याचं भांडं, टीव्हीचा रिमोट हाताशी. पहिला बॉम्ब फुटला. बोंडी कान टवकारून उभी राहिली, दुसरा फुटला तशी दाराकडे धावली आणि दार खरवडू लागली. बाबांनी तिला पलंगाखाली ढकलून पाहिलं. ती दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. शेवटी तिला पट्टा लावून ते ओसरीवर आले, फाटकाच्या आतच थांबले. गल्लीत अनार उडत होता. बोंडी शेपूट हलवत एकटक पाहत होती.

"इले भेव कसा तो नाईच," बाबा तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण आत गेले नाहीत.

समोरच्या घरातला, डोळ्यांदेखत वाढलेला पोरगा फुलझडी घेऊन फाटकाशी आला. म्हणाला, "काका, यंदा गावाले नाई गेले का? दरसाल दिवाळीत तुमी गावीच राहता ना?"

बाबांनी पट्टा दुसऱ्या हातात घेतला आणि फुलझडीसाठी हात पुढं केला. "नाई रे बावा. घरीच राहो मी. काम राहे."