खानदेशातली 'लाईन'



शब्दार्थविचाराच्या घटकात 'अनेकार्थता' ही संज्ञा तुमच्या वाचनात आलीच असेल. उदाहरणादाखल आपली पुस्तके बहुधा 'कर', 'अंबर', 'मान' असे शब्द देतात. त्यात वावगे काही नाही. मात्र ते वाचताना असा समज होतो, की अनेकार्थता ही कवींच्या श्लेषासाठी राखून ठेवलेली चीज आहे. मला येथे ज्या शब्दाविषयी लिहायचे आहे, तो जळगाव-धुळ्याकडे दिवस उजाडल्यापासून मध्यरात्रीपर्यंत कानांवर पडतो. तो मूळचा इंग्रजी आहे आणि आपल्या उत्तरपत्रिकांत त्याला सहसा प्रवेश नसतो. तो शब्द म्हणजे 'लाईन'.

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर एका विद्यार्थ्याने आपला तपासून आलेला स्वाध्याय मला दाखवला. हा विद्यार्थी वीज कंपनीत खांबावर चढण्याचे काम करी. 'माझे गाव' या विषयावर त्याने लिहिले होते, की रात्रीची लाईन आली म्हणजे बाप पाणी भरायला मळ्यात जातो. तपासणाऱ्याने 'लाईन' या शब्दावर लाल काट मारून वर 'वीज' असे लिहिले होते आणि गुणही कापले होते. विद्यार्थ्याची तक्रार गुणांबद्दल नव्हती. तो म्हणाला, "सर, वीज म्हटलं की आमच्याकडे आभाळातून पडते ती. तिच्यात बाप पाणी भरायला कसा जाईल?"

या प्रश्नात शब्दार्थशास्त्राचा अर्धा घटक सामावला आहे. 'रात्रीची लाईन' म्हणजे केवळ विद्युतशक्ती नव्हे. शेतीपंपांना लागणारा तीन फेजचा पुरवठा आळीपाळीने दिला जातो. काही दिवस तो दिवसा असतो, काही दिवस रात्री. ज्या आठवड्यात रात्रीची पाळी येते, त्या आठवड्यात केळीच्या किंवा कपाशीच्या शेतकऱ्याला विजेरी घेऊन विहिरीवर जावे लागते. साप-विंचवाची धास्ती असते, सातपुड्याच्या पायथ्याशी आणि गिरणेच्या काठी बिबट्याचीही असते. लाईन आली की जायचे, गेली की मोटर बंद पडते, पुन्हा येईपर्यंत बांधावर बसायचे. 'लाईन' या शब्दात येथे पुरवठा आहे, त्याची पाळी आहे, वाट पाहणे आहे आणि भीतीही आहे. 'वीज' या शब्दाने यातले पहिलेच तेवढे सांगता येते.

आता या शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजी 'लाईन'च्या मुळाशी लॅटिन 'लिनेआ' आहे, आणि 'लिनेआ'च्या मुळाशी 'लिनुम'. लिनुम म्हणजे जवस. ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, तेच जवस. वनस्पतिशास्त्रात आजही त्याचे नाव लिनुम असेच सुरू होते. युरोपात जवसाच्या देठाचा वाख काढून त्याचा धागा वळत. तो धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळते. म्हणून धाग्याचे नाव रेघेला मिळाले. आपल्या संस्कृत 'सूत्रा'चा प्रवासही असाच झाला. सूत्र म्हणजे आधी धागा, मग मापाची दोरी, मग नियम. दोरी धरणारा तो 'सूत्रधार', त्यापासून आपला 'सुतार'. 'सुतासारखा सरळ' हा वाक्प्रचार तर घराघरांत आहे. आज आपल्याकडचा गवंडी विटांचा थर लावताना जी दोरी ताणतो, तिला 'लाईनदोरी' म्हणतो. या जोडशब्दात एकच अर्थ दोन भाषांतून दोनदा आला आहे.

खानदेशात हा शब्द रुजला तो मुख्यतः आगगाडीबरोबर. भुसावळ हे गावच लोहमार्गामुळे मोठे झाले. मुंबईहून येणारा मार्ग तेथे नागपूर आणि इटारसी अशा दोन दिशांना फुटतो. सुरतेहून नंदुरबार-अमळनेरवरून येणारा मार्ग जळगावला मिळतो. चाळीसगावहून एक फाटा धुळ्याला जातो. रेल्वेत काम करणाऱ्या घरांतून 'मेन लाईन', 'लूप लाईन', 'अप', 'डाऊन' हे शब्द स्वयंपाकघरापर्यंत आले. 'लाईन क्लिअर' हा त्यांतला विशेष लक्ष देण्याजोगा. पुढच्या स्थानकाने 'मार्ग मोकळा आहे' असे कळवल्याखेरीज मागच्या स्थानकाने गाडी सोडायची नाही, असा तो नियम. आज विवाहाची बोलणी पार पडली, कर्ज मंजूर झाले, थोरल्या बहिणीचे लग्न उरकले, की 'लाईन क्लिअर झाली' असे म्हटले जाते. पुढे कोणीतरी आहे आणि त्याच्या संमतीवाचून आपल्याला हलता येत नाही, ही रेल्वेतली जाणीव या लाक्षणिक वापरातही शिल्लक आहे. त्याच कुळातला 'साईडिंगला टाकणे' हा प्रयोग कार्यालयीन राजकारणात किती अचूक बसतो, हे नोकरी करणाऱ्या वाचकांस सांगायला नको.

पोलिसांच्या निवासांना 'पोलीस लाईन' म्हणतात, ते लष्करी छावणीतल्या तंबूंच्या आणि बराकींच्या रांगांवरून. रेशनची लाईन, टँकरची लाईन हे रांगेचे अर्थ सर्वपरिचित आहेत. नदीवरून शेतापर्यंत नळ टाकला की 'पाईपलाईन केली', आणि ठिबकाच्या नळ्या जिला जोडतात ती 'मेन लाईन'. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तेथला ट्रकचालक 'मी नागपूर लाईनवर चालतो' असे म्हणतो. जळगावच्या सराफबाजारात 'या लाईनीत किती वर्षे आहात?' असे विचारले, तर उत्तरात पिढ्या मोजल्या जातात. वाया चाललेला मुलगा 'लाईनीवर येतो'. तरुणांच्या 'लाईन मारण्या'बद्दल मी अधिक लिहीत नाही. त्यातला दृष्टीचा सरळ धागा तुम्हीच ओळखावा.

इतके अर्थ असूनही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण सोबतचे क्रियापद अर्थ ठरवते. लाईन 'येते-जाते' तेव्हा ती वीजपुरवठा असते, 'लागते' तेव्हा रांग, 'टाकतात' तेव्हा नळ किंवा तार. विजेचा अर्थ कसा आला, हे तुम्ही काव्यशास्त्रात शिकलेल्या लक्षणेने सांगता येईल. 'गंगेवरची वस्ती' म्हणताना जसा गंगेचा तीर अभिप्रेत असतो, तसे 'लाईन गेली' म्हणताना तार जागेवरच असते. जाते ते तिच्यातून वाहणारे. शब्दशक्तींचा घटक केवळ परीक्षेपुरता वाचणाऱ्यांनी हे उदाहरण मनात ठेवावे.

व्याकरणाकडे वळू, कारण माझ्या मते या शब्दाचा खरा दाखला तेथे मिळतो. इंग्रजीत या शब्दाला व्याकरणिक लिंग नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंग दिले. ओळ, रांग, रेघ, तार या शेजारणींच्या सहवासाने ते झाले असावे. पुढे तिने 'भिंत-भिंतीत'प्रमाणे 'लाईन-लाईनीत' असे सामान्यरूपही दिले, जसे पूर्वी 'प्लॅटून'ची 'पलटण' करून 'पलटणीत' म्हटले होते. आता एक निरीक्षण करा. शिकलेला माणूस 'लाईनमध्ये उभा राहा' म्हणतो; शेतकरी आजी 'लाईनीत उभा राह्य' म्हणते. पहिल्याने शब्द पाहुण्यासारखा बाहेरच्या खोलीत बसवला आहे. आजीने त्याला घरातल्यासारखे कामाला लावले आहे. इंग्रजीचा अधिक प्रभाव कोणाच्या बोलण्यावर, याचा निवाडा त्यामुळे वाटतो तितका सोपा राहत नाही. अहिराणीत मात्र 'लाईनमा' हेच रूप असते, पण तेथे 'घरमा', 'वावरमा' हाच नियम असल्याने तेही पूर्ण घरचेच. 'लाईन उनी का?' हा प्रश्न ऐकून ती अहिराणी नव्हे, असे कोणी म्हणणार नाही.

परकीय शब्दांविषयीचा विचार आपल्या भूमीला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 1926 मध्ये धुळ्यातच निधन झाले. त्यांचे धातुकोशाचे आणि व्युत्पत्तिकोशाचे काम तेथील राजवाडे संशोधन मंडळाने पुढे प्रसिद्ध केले. जुन्या पत्रांतील फारसीचा मराठीवरील परिणाम त्यांनी बारकाईने तपासला होता. शब्द कोठून आला हे विचारणे आवश्यक आहे, असे मीही मानतो. मात्र त्याचा पर्याय देताना पर्यायाकडेही तितक्याच कठोरपणे पाहावे. शासकीय मराठीत लाईनसाठी 'वाहिनी' आहे. 2017 मध्ये शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून आलेल्या योजनेचे नावही 'सौर कृषी वाहिनी' असे आहे. शब्द सुंदर आहे, मला आवडतो. पण दूरदर्शनची वाहिनी, रक्तवाहिनी, जलवाहिनी आणि वीजवाहिनी असे त्याचेही अर्थ पसरलेच. अनेकार्थता हा परकेपणाचा दोष असता, तर 'वाहिनी' त्यातून सुटली असती.

त्या विद्यार्थ्याला मी विचारले, की कामावर तुम्ही हा शब्द इतक्या अर्थांनी वापरता, तर घोटाळा होत नाही का? त्याने मान हलवली. गावात चालतो तो सैलपणा खांबावर चालत नाही, असे तो म्हणाला. उपकेंद्राकडून पुरवठा बंद केल्याचे परमिट हाती आल्याशिवाय चढायचे नाही, आणि 'लाईन बंद आहे' एवढे कोणी फोनवर सांगितले, तरी ते ऐकून घ्यायचे नाही. एका खांबावर दोन फीडरच्या तारा असू शकतात. म्हणून आधी विचारायचे: कोणती लाईन, कुठल्या फीडरची, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत. उत्तर मिळाले की तेच आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचे, पलीकडच्याने 'हो' म्हटले की मगच हातमोजे घालायचे.