खंड्याचं ऐकायला हवं होतं

मुलांनो, आमचा खंड्या काही विकत आणलेला जातिवंत कुत्रा नाही. पावसच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांमागे सापडलेलं ते पिल्लू. पण हुशार असा, की दाराची कडी पंजाने उघडतो, आणि मी टोपी हातात घेतली की आधी स्कूटरपाशी जाऊन उभा!

दिवाळीनंतर आमच्याकडे सड्यावरचं गवत वाळू लागतं. मार्चपर्यंत एक ठिणगीसुद्धा पुरते. मग वणव्यांचे दिवस येतात. कुठे भाजावळीची आग हाताबाहेर जाते, कुठे विजेच्या तारा घासतात, कुठे कुणी विडीचं थोटूक टाकतं. आंब्याची कलमं, काजू, गवताच्या उडव्या, सगळं जळून जातं.

या दिवसांत खंड्या गडग्यावर उभा असतो. तुम्ही भूगोलात वाचलंच असेल, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तेव्हा खंड्याचं तोंड पूर्वेकडे. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला, की पश्चिमेकडे. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, तर अनेक कुत्र्यांच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात असतात. आम्हाला धूर दिसण्याआधीच तो भुंकतो.

गेल्या वर्षी होळीला चार दिवस होते. कलमांखालचा पातेरा गोळा करून मी पेटवायला निघालो. आई म्हणाली, "अरे, भरदुपारी नको. वारा बघ."

"एवढासा तर ढीग आहे!" मी म्हटलं.

काडेपेटी बघताच खंड्या भुंकू लागला. माझा सदरा दातांत धरून ओढू लागला. मला राग आला. मी त्याला नेऊन मांगराच्या खांबाला बांधलं.

दहा मिनिटांत वाऱ्याचा जोर वाढला. एक पेटतं पान उडालं आणि गडग्यापलीकडे पडलं. तिथे शेजारच्या काकांचे काजू. मग काय विचारता! हिरवे टाळ घेऊन आम्ही आग बडवत सुटलो. वाडीतली माणसं कळशा घेऊन धावली. धुराने समोरचं दिसेना. आणि एकदम आठवलं, खंड्या बांधलेला आहे! मांगर तर वाऱ्याच्या वाटेवरच.

तोंडाला ओला पंचा गुंडाळून मी धावलो. खंड्या भुंकत नव्हता. जमिनीला नाक लावून पडला होता. धूर वर चढतो, खाली हवा जरा बरी असते, हे त्याला ठाऊक होतं. मी साखळी सोडली. पण तो एकटा पळाला नाही. माझ्या पुढे पुढे, मागे वळून बघत, मला पाणंदीपर्यंत घेऊन आला.

आग विझली, पण काकांचे सात काजू गेले. मी हात जोडून उभा राहिलो. काका एवढंच म्हणाले, "काजू परत लावू रे. आधी त्या कुत्र्याला पाणी दाखव."

खंड्या पंधरा दिवस खोकत होता. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहूनही लहान असतात. ते थेट फुप्फुसात जातात. ओला पंचा त्यांना अडवत नाही. धूर असला की जनावराला घरात घ्या, पाणी ठेवा, पळवू नका."

ऑस्ट्रेलियात २०१९-२० मध्ये प्रचंड वणवे लागले होते. तेव्हा बेअर नावाच्या कुत्र्याने वासावरून कितीतरी कोआला शोधून दिले. चटके बसू नयेत म्हणून त्याच्या पायांत मोजे घालत. हे मी मुलीला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, त्याचं लोकांनी ऐकलं. तुम्ही आपल्या खंड्याला बांधलंत."

मला उत्तर सुचलं नाही.

पावसाळ्यात मी काकांकडे सात रोपं लावून आलो. पातेरा आता खड्ड्यात कुजतो आणि खत होऊन कलमांनाच मिळतो. संध्याकाळी देवापाशी निरांजन लावायला काडी ओढली, की खंड्या अजून उठून बसतो. मी म्हणतो, "एवढीच रे बाबा, बघ." काडी पुरती विझल्याशिवाय तो शेपूट हलवत नाही.